जीएसटी गेला, तरी प्रीमियम चढला: गोव्यातल्या मध्यमवर्गीय घरासाठी आरोग्य विम्याचे रिन्यूअल, पायरीपायरीने

"जीएसटी माफ झाला ना? मग प्रीमियम कमी का नाही झाला?" फोंड्यापासून म्हापशापर्यंत ओळखीतल्या कुठल्याही घरी रिन्यूअलची नोटीस आली की मला हा फोन येतो. त्यापुढचे वाक्य ऐकले की मात्र काळजी वाटते: "जाऊ दे, ही पॉलिसी सोडतो आणि दुसरी स्वस्तातली घेतो."

ज्यांना सरकारी नोकरीचे वैद्यकीय लाभ नाहीत, ज्यांच्या विम्यात सरकार एक रुपयाही घालत नाही आणि जे पूर्ण प्रीमियम स्वतःच्या खिशातून भरतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वेर्ण्याच्या कारखान्यातला सुपरवायझर, बाजारात दुकान असलेला, घरी शिकवण्या घेणारी बाई, असे सगळे यात आले. २०२४ आणि २०२५ मध्ये विम्याचे नियम बरेच बदलले. त्यातले पुष्कळ आपल्या फायद्याचे आहेत, पण कामांचा क्रम चुकला तर ते हातातून निसटतात.

खालचा क्रम रिन्यूअलच्या तारखेआधी ७५ दिवसांपासून सुरू होतो. शेवटच्या आठवड्यात जागे झालात तर पाचवी पायरी, म्हणजे कंपनी बदलणे, तुमच्या हाती राहत नाही.

तयारी: एका फाइलीत काय हवे

मागच्या दोन वर्षांचे पॉलिसी शेड्यूल काढा. प्रीमियमची पावती म्हणजे शेड्यूल नव्हे. शेड्यूलवर विमा रक्कम, प्रत्येकाची जन्मतारीख, लिहून घेतलेले आजार आणि विमा सलग कधीपासून चालू आहे ती तारीख असते. ही शेवटची तारीख लाल पेनाने अधोरेखित करा, पुढे तीच सर्वांत जास्त कामाला येईल.

सोबत घरातल्या प्रत्येकाचे दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचे), नोकरीतून गट विमा असेल तर त्याचे कार्ड, आजवरची डिस्चार्ज समरी आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या ठेवा. घरात ७० वर्षांवरचे कोणी असेल तर त्यांचे आधार कार्डही ठेवा.

*तपासा:* शेड्यूलवरचे नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का? जुळत नसेल तर आजच दुरुस्तीचा ईमेल पाठवा. हॉस्पिटलच्या काउंटरवर ही दुरुस्ती होत नाही.

१. वाढ मोजा, पण कर बाजूला काढून

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच विमा रक्कम) आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. म्हणून लोक मागच्या वर्षीची एकूण रक्कम आणि या वर्षीची एकूण रक्कम शेजारी ठेवतात. पहिली चूक इथेच होते.

एक उदाहरण घेऊ, आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. मागच्या वर्षी मूळ प्रीमियम २४,००० होता, त्यावर ४,३२० जीएसटी, एकूण २८,३२०. या वर्षीची नोटीस २७,६०० ची आहे. वरवर पाहता ७२० रुपये वाचले. पण मूळ प्रीमियम २४,००० वरून २७,६०० झाला, म्हणजे १५ टक्के वाढ. कर गेल्यामुळे ती झाकली गेली. पुढच्या वर्षी झाकायला कर नसेल, तेव्हा तेवढीच वाढ पुन्हा झाली तर ती पूर्ण अंगावर येईल.

वाढीची कारणे साधारण तीन. तुम्ही वयाच्या पुढच्या टप्प्यात गेलात, कंपनीने त्या योजनेचे दर सर्वांसाठीच वाढवले, किंवा करमाफीमुळे कंपनीला स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराची वजावट मिळेनाशी झाली आणि तो भार दरात आला. ग्राहक सेवेला ईमेल करून कारण लेखी मागा. मागच्या वर्षी तुम्ही क्लेम केला म्हणून फक्त तुमचा वैयक्तिक प्रीमियम वाढवता येत नाही, आणि विमा रक्कम वाढवत नसाल तर रिन्यूअलला नव्याने तपासणीही करता येत नाही.

घरात साठीपुढचे कोणी असेल तर आणखी एक नियम लक्षात ठेवा. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ३० जानेवारी २०२५ ला कंपन्यांना सांगितले की ज्येष्ठांच्या प्रीमियममध्ये वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची असेल तर आधी आमच्याशी सल्लामसलत करा. नोटिशीत वाढ त्याहून जास्त दिसली तर ईमेलमध्ये या सूचनेचा उल्लेख करून खुलासा मागा.

*सावध:* जीएसटी माफी गट विम्याला नाही. बँक किंवा पतसंस्था खातेदारांना स्वस्तात देते ती पॉलिसी बहुधा गट विम्याची असते. कागदावर "ग्रुप" हा शब्द शोधा. ती करार संपला की बंदही होऊ शकते, म्हणून घराचा मुख्य विमा तिच्यावर ठेवू नका.

२. आधीपासून काय आहे ते मांडा

गोव्यातले निम्मे गोंधळ इथले असतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे आणि तिला उत्पन्नाची अट नाही. पाच वर्षांचे वास्तव्य लागते, आणि दुसरीकडून वैद्यकीय लाभ मिळणारे सरकारी कर्मचारी तिच्यात बसत नाहीत. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त जणांना चार लाखांचे कवच मिळते. म्हणजे मध्यमवर्गीय घरालाही ती लागू आहे. तरी "ती गरिबांची" असे समजून कार्ड न काढणारी घरे मला दर महिन्याला भेटतात.

उलट चूकही तितकीच महाग पडते. "दीनदयाळ आहे, मग विमा कशाला?" असे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे की योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर आणि यादीतल्या हॉस्पिटलांत चालते. यादीबाहेरचा उपचार किंवा बेळगाव, मुंबईला न्यावा लागणारा रुग्ण आला की तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेज, हा आपला मोठा आधार आहेच. मोठा अपघात, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा वेळी मी स्वतः आधी तिथेच धावेन. पण ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला तारीख लांबची मिळाली, तर खासगीत जायची ताकद असावी म्हणून आपण विमा घेतो.

७० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न कितीही असले तरी ७० वर्षांवरच्या ज्येष्ठांना वर्षाला ५ लाखांचे कवच मिळते, आणि नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून असते. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. नोंदणी आधारवर होते. आईबाबांचे कार्ड काढण्याआधी आपल्या तालुक्याजवळचे कोणते हॉस्पिटल यादीत आहे आणि तिथे नेमका कोणता विभाग चालतो, हे प्रत्यक्ष फोन करून विचारा.

नोकरीतला गट विमा नोकरीपुरताच असतो. घरातला कर्ता तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) असेल तर बोटीवरच्या करारातले कवच बहुधा त्याच्यासाठी आणि करार चालू असेपर्यंतच असते. घरच्यांना ते नसते.

*तपासा:* एका कोऱ्या कागदावर घरातल्या माणसांची नावे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर त्याला आज काय काय लागू आहे ते लिहा. ज्याच्यासमोर जागा रिकामी राहिली, त्याच्यापासून विम्याचा विचार सुरू करा.

३. प्रतीक्षेचे महिने मोजा

ही पायरी वगळल्याने आमच्याच घरात नुकसान झाले, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीची पॉलिसी सलग सात वर्षे चालू होती. प्रीमियम वाढला म्हणून तिने ती सोडली आणि दुसऱ्या कंपनीची कमी प्रीमियमची नवी घेतली. पोर्ट केली नाही, म्हणजे जुने महिने सोबत नेले नाहीत, नवी घेतली. चार महिन्यांत पित्ताशयात खडे निघाले. नव्या पॉलिसीत त्या शस्त्रक्रियेला दोन वर्षांची प्रतीक्षा होती. बिल सगळे घरातून गेले. चार हजार रुपये वाचवायला सात वर्षांची कमाई टाकून दिली होती, आणि ते तिला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही.

प्रतीक्षा तीन प्रकारची असते. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस, अपघात सोडून, काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे, गुडघा बदलणे अशा ठरावीक गोष्टींना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षे थांबावे लागते. आणि विमा घेण्याआधीपासून असलेले आजार, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड वगैरे. या आजारांसाठी जास्तीत जास्त ४८ महिने थांबवता येत असे, २०२४ पासून ती मर्यादा ३६ महिने झाली.

दुसरा बदल त्याहून मोठा आहे. सलग ६० महिने पूर्ण झाले की आजार सांगितला नव्हता या कारणावर कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. आधी ही मुदत आठ वर्षे होती. तुमच्या पॉलिसीला चार वर्षे नऊ महिने झाले असतील तर ती सोडण्याआधी दहा वेळा विचार करा.

*तपासा:* लाल रेषेची तारीख घ्या आणि आजपर्यंतचे महिने मोजा. ३० दिवस, २४ महिने, ३६ महिने, ६० महिने यांपैकी काय काय पार झाले ते शेड्यूलच्या कोपऱ्यात लिहा. मधे विमा रक्कम वाढवली असेल तर वाढलेल्या भागाचे महिने वेगळे मोजा.

४. कापायचे असेल तर कुठून कापायचे

प्रीमियम झेपत नसेल तर पॉलिसी सोडण्याआधी तिच्यात बदल करून पाहा. मात्र एजंट पहिल्यांदा सुचवतो ते दोन मार्ग, खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पे, मी शेवटी ठेवीन.

खोलीभाड्याचे कारण समजून घ्या. समजा दिवसाला ५,००० ची मर्यादा आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली चार दिवस घेतली. लोकांना वाटते, फरकाचे १२,००० आपण भरू. पण सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या भेटी, नर्सिंग हे सगळेही त्याच प्रमाणात कापले जाते. ते १,२०,००० झाले असेल तर कंपनी पाच अष्टमांश, म्हणजे ७५,००० देते. तुमच्यावर ४५,००० अधिक १२,०००, मिळून ५७,००० येतात. औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चावर अशी कपात करता येत नाही, हे बिलावर आवर्जून तपासा. गोव्यात खोल्यांचे दर मुंबईएवढे नाहीत म्हणून मर्यादा चालेल, असे सांगतात. पण साधी खोली रिकामी नसते आणि माणूस कण्हत असतो, तेव्हा मिळेल ती खोली घ्यावी लागते.

को-पे म्हणजे प्रत्येक क्लेममधला ठरलेला टक्का तुमचा. चार लाखांच्या बिलावर २० टक्के म्हणजे ८०,०००. ज्येष्ठांना दुसरी पॉलिसीच मिळत नसेल तर तो मान्य करावा लागतो. चाळिशीतल्या माणसाने करू नये.

मला पटणारा मार्ग सुपर टॉप-अपचा. मूळ पॉलिसी ५ लाखांची ठेवायची आणि वर ५ लाख डिडक्टिबल (तेवढा खर्च आधी दुसरीकडून भागवायचा) असलेला सुपर टॉप-अप घ्यायचा. वर्षातला एकूण खर्च ५ लाखांपुढे गेला की तो चालू होतो, म्हणून स्वस्त असतो. नावातला "सुपर" सोडू नका. साधा टॉप-अप प्रत्येक आजारपण वेगळे मोजतो. एका वर्षात ४ लाखांची दोन बिले झाली तर साधा टॉप-अप काहीच देत नाही, कारण एकही बिल पाच लाखांपुढे गेले नाही. सुपर टॉप-अप ३ लाख देतो. खालचे ५ लाख दीनदयाळ कार्डावर किंवा गट विम्यातून खर्च झाले तर डिडक्टिबल भरले असे मानणार का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

*सावध:* सुपर टॉप-अपची प्रतीक्षा तो घेतल्या दिवसापासून सुरू होते. म्हणून मूळ विमा रक्कम १० वरून ५ लाख आजच करू नका. आधी सुपर टॉप-अप घ्या, घरात जुने आजार असतील तर त्याची प्रतीक्षा संपू द्या, मग मूळ रक्कम कमी करा. एकदा कमी केलेली रक्कम पुन्हा वाढवायची झाली तर तपासणी आणि प्रतीक्षा नव्याने येते.

काही कंपन्या शहराप्रमाणे झोन पाडतात. गोव्याच्या पत्त्यावर कमी प्रीमियम लागतो, पण मुंबईत उपचार घेतले की को-पे लागतो. तुमच्या घरातली मोठी दुखणी मुंबईला जात असतील तर हे कलम आधी वाचा. हाताशी पैसे असतील तर दोन किंवा तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरून दर बांधून घेता येतो.

५. बदलायचीच असेल तर पोर्ट करा

पोर्ट म्हणजे कंपनी बदलते आणि काढलेले प्रतीक्षेचे महिने सोबत येतात. ते जुन्या विमा रकमेपुरतेच येतात, वाढीव रकमेला नवी प्रतीक्षा लागते. अर्ज रिन्यूअलच्या ६० ते ४५ दिवस आधी करायचा, हे धरून चाला. नवी कंपनी आजार बघून नकार देऊ शकते, तो तिचा अधिकार आहे. म्हणून क्रम असा: पोर्टचा अर्ज, नव्या कंपनीची लेखी मंजुरी, तिची पॉलिसी हातात, आणि मगच जुनी सोडणे. रिन्यूअलच्या तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर गुपचूप जुनीच रिन्यू करा.

एजंट "पोर्ट" म्हणतो आणि फॉर्म नव्या पॉलिसीचा भरतो, असेही होते. नवी पॉलिसी आली की त्याच दिवशी तिच्यावर जुनी सलग तारीख छापली आहे का बघा. नसेल तर ३० दिवसांच्या फ्री-लूक मुदतीत दुरुस्त करून घ्या किंवा परत करा.

नोकरी सुटणार असेल तर गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते. राजीनाम्याआधी एचआरला विचारा, शेवटच्या दिवसानंतर नको.

६. अर्जात आजार लिहा, स्वतः लिहा

रोज एक बीपीची गोळी घेत असाल तर लिहा. "तेवढे लिहू नका, मेडिकल लागेल" असा सल्ला मिळतो, पण क्लेमच्या वेळी सल्ला देणारा तिथे नसतो आणि डिस्चार्ज समरीत डॉक्टर "पाच वर्षांपासून रक्तदाब" असे लिहून मोकळे होतात. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. ओटीपी देण्याआधी भरलेला अर्ज पूर्ण वाचा. आता ६५ वर्षांपुढच्यांनाही नवा विमा घेता येतो, वयाची ती वरची मर्यादा २०२४ मध्ये गेली. म्हणून आईबाबांचे वय झाले या भीतीने काही लपवायचे कारण उरलेले नाही.

७. पैसे भरताना

ऑनलाइन किंवा चेकने भरा, रोखीने भरलेल्या प्रीमियमवर आयकरातली, ८०डी नावाने ओळखली जाणारी वजावट मिळत नाही. वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे: स्वतःच्या कुटुंबासाठी २५,००० पर्यंत आणि ज्येष्ठ आईवडिलांसाठी आणखी ५०,००० पर्यंत. नव्या करप्रणालीत असाल तर "टॅक्स वाचेल" हे विक्रीचे वाक्य तुम्हाला लागू नाही, ते धरून गणित करू नका.

तारीख चुकलीच तर वार्षिक प्रीमियमला ३० दिवसांचा वाढीव अवधी असतो. प्रीमियम आधी न भरता त्या दिवसांत आजारी पडलात तर क्लेम अडकतो. चवथीच्या गडबडीत तारीख विसरली असे दोन जणांनी मला सांगितले आहे. तारीख त्या सुमाराची असेल तर पंधरा दिवस आधीच भरा.

८. अ‍ॅडमिट होताना

ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर ४८ तास आधी कंपनीला कळवा, अचानक दाखल व्हावे लागले तर लगेच, पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीच्या आत. कॅशलेसची (कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला भरण्याची) विनंती आल्यावर कंपनीने एका तासात उत्तर द्यायचे आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा २०२४ पासूनचा नियम आहे. तीन तासांपुढे थांबवल्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे भाडे लावले तर ते कंपनीने सोसायचे. विनंती किती वाजता गेली त्याचा मेसेज जपून ठेवा, वेळ सिद्ध करायला तोच लागतो.

*तपासा:* खोलीची निवड होण्याआधी आपली खोलीभाड्याची मर्यादा काउंटरवर सांगितली का?

९. क्लेम नाकारला तर

पत्रात पॉलिसीचे नेमके कलम लिहिलेले असले पाहिजे. क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या क्लेम समितीची मंजुरी लागते, ती घेतली का हे विचारा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही ती नोंदवा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जा. गोवा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाची मुदत आहे.

तक्रारीला शेड्यूल, नकाराचे पत्र, डिस्चार्ज समरी आणि ईमेल तारखेच्या क्रमाने लावा. लाल रेषेची तारीख पहिल्या परिच्छेदात लिहा. फाइल कुठल्या कपाटात आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा, कारण आजारी पडणारा माणूस कदाचित तुम्हीच असाल.